मराठीच्या तासाची आखणी : माध्यमिक शाळेतील साहित्याध्यापनाचा मागोवा

माध्यमिक शाळेच्या शिक्षक-खोलीत वेळापत्रकाचा एक मोठा कागद भिंतीवर लावलेला असतो. एका बाजूस वार, दुसऱ्या बाजूस तासिका आणि प्रत्येक घरात विषयाचे नाव व शिक्षकाची आद्याक्षरे. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या घरात काय घडणार, हे त्या त्या पुस्तकाने बरेचसे ठरवून दिलेले असते. मराठीच्या घराचे तसे नाही. कविता मुलांच्या कानांत उतरवावयाची की तिच्याखालील स्वाध्याय सोडवून घ्यावयाचे, धडा वाचून दाखवावयाचा की मुलांकडून वाचवून घ्यावयाचा, व्याकरण आज घ्यावयाचे की शनिवारवर ढकलावयाचे, हे त्या दिवशी त्या शिक्षकालाच ठरवावे लागते. वरवर पाहता ही निवड किरकोळ वाटेल. परंतु ज्ञानेश्वर-तुकारामांपासून केशवसुत-बालकवींपर्यंतच्या साहित्याशी पुष्कळांचा जो काही परिचय होतो, तो शाळेतील याच घरात होतो. पुढे संसार आणि व्यवसाय सुरू झाला की पुस्तक हाती घेण्याचा प्रसंग विरळाच. म्हणून या घरात काय भरले जाते आणि ते कोणी ठरविले, याचा इतिहास जाणून घेणे उचित ठरेल.

मराठीत योजनेला 'बेत' म्हणतात आणि कात्री लावण्यापूर्वी शिंपी कापडाचे माप घेऊन जे ठरवितो त्यालाही 'बेतणे' म्हणतात. ज्याला कापडाचा पन्हा ठाऊक नाही त्याचा बेत हमखास फसतो. मराठीच्या तासाच्या बाबतीत पन्हा म्हणजे हाती असलेली मिनिटे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मुख्यतः हा पन्हाच बदलत आला आणि प्रत्येक वेळी कात्री कोठे ना कोठे चालली.

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत तास नव्हते आणि घंटाही नव्हती. धूळपाटीवर अक्षरे, मोडीचे वाचन-लेखन, अंक, पाढे आणि हिशेब एवढा तिचा विस्तार. काव्य हा शाळेचा विषयच नव्हता. ते देवळात, कीर्तनात, पुराणात, पोथीच्या वाचनात आणि घरच्या ओव्यांत होते. मुलाला मोरोपंतांची आर्या किंवा तुकोबांचा अभंग ठाऊक असे, तो ऐकून ऐकून. शाळेने तो शिकविलेला नसे. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढे काव्य देवळातून वर्गात आले तेव्हा त्याचा कानाशी असलेला संबंध हळूहळू सुटत गेला.

मुंबई इलाख्यात १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, १८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते सुरू झाले. त्याच १८५४ साली परशुराम बल्लाळ तथा परशुरामतात्या गोडबोले यांचा 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. (आज 'नवनीत' म्हटले की विद्यार्थ्यास वेगळेच पुस्तक आठवते, तो भाग निराळा.) जुन्या कवींचे काव्य वर्गात हाताळता येईल अशा एका पुस्तकात प्रथम या ग्रंथाने आणले. शीर्षकातील 'वेचे' हा शब्द फार बोलका आहे. मुक्तेश्वरांचे पर्व किंवा मोरोपंतांचे भारत अख्खे वर्गात शिकविणे शक्य नाही. तेव्हा वेचून घ्यावयाचे. तात्यांची निवड मार्मिक होती आणि त्यांनी जुन्या कवितेला नवे वाचक मिळवून दिले, यात शंका नाही. परंतु अख्ख्या आख्यानाऐवजी तासात मावेल एवढा तुकडा ही कल्पना शालेय साहित्यात या सुमारास रुजली, आणि ती आजतागायत तशीच आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील. तेव्हापासून हायस्कूलच्या दिवसाचा सूत्रधार परीक्षा ही झाली. माध्यम इंग्रजी असल्याने दिवसाचा मोठा वाटा इंग्रजीकडे जाई. त्याखालोखाल संस्कृतादी अभिजात भाषांचा मान. उरलेल्या जागेत मराठी, आणि तीही पुष्कळदा भाषांतरासाठी. त्यातच १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. इन्स्पेक्टरांनी वर्गात येऊन मुलांची परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान शाळेस मिळावे, असा तो हिशेब. व्यवहारी माणसास तो प्रथमदर्शनी चोख वाटेल. पण त्याचा परिणाम असा झाला की जे तपासता येते त्यालाच वर्गात वेळ मिळू लागला. शब्दार्थ तपासता येतो, पाठांतर तपासता येते, वाक्याचे व्याकरणही तपासता येते; कविता ऐकून वर्ग क्षणभर स्तब्ध झाला, हे तपासण्याचे साधन इन्स्पेक्टरांपाशी नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मागे पडली. तिने लावलेली सवय मात्र गेली नाही.

याच काळात शिक्षकांनी काय व कसे शिकवावे याची चर्चा मराठीतून सुरू झाली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी चालविलेले 'मराठी शालापत्रक' हे मासिक शिक्षकांसाठीच होते. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. 'निबंधमाला' त्यांनी १८७४ मध्ये सुरू केली, ती शिक्षकाची नोकरी करीत असताना. पुढे नोकरी सोडून १८८० च्या जानेवारीत त्यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक आणि नामजोशी त्यात सामील झाले आणि वर्षभरात आगरकरही आले. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत हेही शिक्षकच. फैजपूर आणि धारवाड येथे त्यांनी शाळेत अध्यापन केले. मराठी वाङ्मयाचा नवा प्रवाह ज्यांनी सुरू केला त्यांच्यापैकी कित्येकांच्या दिवसाची विभागणी शाळेच्या घंटेने होत होती, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवीत नाही.

शिक्षकाने तासाची आखणी लिहून काढावी ही प्रथा आली ती प्रशिक्षण महाविद्यालयांतून. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये सुरू झाले. तेथे आणि पुढे इतरत्र शिकविली गेलेली पद्धती मूळची जर्मनीतील. हर्बार्ट (१७७६–१८४१) या तत्त्वज्ञाच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरविल्या : पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. मराठी शिक्षणशास्त्रात हिला 'हर्बार्टची पंचपदी' असे नाव पडले. भजनातील पंचपदी ठाऊक असलेल्या माणसाला हे नाव ऐकून गंमत वाटेल. या पंचपदीवरून 'पाठ टाचण' तयार झाले. हेतुकथन, आदर्श वाचन, प्रकट वाचन, मूक वाचन, स्पष्टीकरण, फलक लेखन, आवृत्ती, गृहपाठ ही नावे ज्याने डी.एड. किंवा बी.एड. केले आहे त्याच्या जिभेवर कायमची बसलेली असतात.

टाचणाचा उपयोग नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नवशिक्या शिक्षकाला त्याने आधार दिला आणि वाटेल ते बडबडून तास संपविण्याच्या वृत्तीस आळा घातला. पण पंचपदी ही नवे ज्ञान देण्यासाठी रचलेली होती. त्रैराशिकाचा नियम पाच पायऱ्यांनी शिकविता येतो. कवितेचे सामान्यीकरण करावयाचे म्हणजे काय? शाळांनी त्यावर जो तोडगा काढला तो 'मध्यवर्ती कल्पना'. चौदा ओळींच्या कवितेखाली दोन ओळींची मध्यवर्ती कल्पना लिहून घेतली की पायरी पूर्ण झाली. मुले ती पाठ करीत, कविता मागे राही. साहित्याच्या तासाची ही मोठी हानी होय आणि ती कोणा एकाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, दुसऱ्या विषयाचे माप या विषयाला लावल्यामुळे झाली.

चांगल्या शिक्षकांनी या मापातूनही वाट काढली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे कामही पाहत. वर्गातील तास अपुरा पडतो हे जाणून त्यांनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत आणि मुलांनी ते वाचावे म्हणून लावून ठेवीत. पुढे 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी काढले. दिवसभर शिकवून रोज एक अंक लिहावयाचा, हे काम किती चिकाटीचे आहे हे ज्याने एखादे हस्तलिखित काढून पाहिले आहे त्यालाच कळेल. तिकडे शिरोडे येथे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शाळेत होते. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० मध्ये प्रसिद्ध झाली ती याच वास्तव्यात. एका लहान गावातील मुलांना असा शिक्षक रोज समोर लाभला, यापेक्षा वेगळे साहित्याध्यापन ते काय असणार!

आचार्य अत्रे यांचा मार्ग निराळा. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. लंडनला जाऊन त्यांनी १९२८ मध्ये शिक्षणशास्त्राची टी.डी. ही पदवी घेतली. तासाची आखणी सुधारावयाची तर आधी पुस्तक सुधारावे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने मुलांच्या वयाला साजेसे, हसरे आणि जिवंत मराठी पुस्तकात आणले. धड्याची लांबी, त्यातील संवाद, कथेचा वेग यांवर शिक्षकाचा अर्धा तास उभा असतो. कंटाळवाणा धडा कितीही टाचणे काढली तरी रंगत नाही, हे साधे सत्य खात्याला उशिरा आणि अत्रे यांना लवकर समजले.

दरम्यान माध्यमही बदलले. १९२० नंतरच्या दोन-अडीच दशकांत हायस्कुलांतून इतिहास-भूगोलादी विषय मराठीतून शिकविले जाऊ लागले आणि मराठीच्या शिक्षकाला वर्गात प्रथमच घरच्यासारखे वाटू लागले. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. आजचे राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे 'बालभारती' २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाले. अकरावीला होणारी एस.एस.सी. १९७५ पासून दहावीला होऊ लागली. नववी-दहावीच्या मराठीच्या पुस्तकाचे 'कुमारभारती' हे नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे आहे.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळू. साधारणपणे अकरा ते पाच भरणारी शाळा, आठ तासिका, त्यांपैकी पाच-सहा तासिका मराठीच्या शिक्षकाच्या वाट्याला, आणि वर्गात पन्नास-साठ मुले. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील पाच मिनिटे मुले स्थिर होण्यात आणि पाच मिनिटे गृहपाठ पाहण्यात जातात. उरली पंचवीस. साठ मुलांपैकी प्रत्येकाने एक मिनिट मोठ्याने वाचावयाचे ठरविले तर साठ मिनिटे, म्हणजे दोन तासिकांतही ते पुरे होत नाही. चार तुकड्यांचे मिळून दोनशे निबंध, आणि एका वहीस तीन मिनिटे म्हटली तरी सहाशे मिनिटे, म्हणजे पूर्ण दहा तास. हे दहा तास वेळापत्रकाच्या कोणत्याही घरात लिहिलेले नसतात. ते शिक्षकाच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर, वह्यांच्या गठ्ठ्यापुढे जातात.

उलट बारा-चौदा ओळींची कविता सावकाश दोनदा वाचून दाखवावयास तीन-चार मिनिटे पुरतात. तरीही घाई झाली की प्रथम वगळले जाते ते हे आदर्श वाचनच. 'कविता घरी वाचून या' असे सांगून थेट प्रश्नोत्तरे लिहावयास घेतली जातात. ताग्यातून चार बोटे कापड वाचविण्यासाठी सदऱ्याचा गळाच कापून टाकावा तसा हा प्रकार आहे. वाचून दाखविण्यासाठी तयारीही लागते. कोठे थांबावयाचे, कोणत्या शब्दावर आवाज खाली आणावयाचा, हे आदल्या रात्री एकदा तरी स्वतःशी म्हणून पाहावे लागते. टाचण वहीत या तयारीसाठी रकाना नसतो.

अनुभवी शिक्षकांनी दिवसाचा जो क्रम बसविला तो कोणत्याही ग्रंथात शोधून सापडणार नाही. शिक्षक-खोलीतच तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला. कविता शक्यतो मधल्या सुट्टीपूर्वी, मुलांचे कान ताजे असताना. मधल्या सुट्टीनंतर वर्ग सुस्तावतो, तेव्हा नाट्यउतारा काढावा, पात्रे वाटून द्यावीत आणि मुलांना उभे करावे. व्याकरणाला स्वतंत्र तास देण्यापेक्षा धड्यातीलच वाक्ये घेऊन पाच-सात मिनिटांत ते उरकावे. शेवटच्या तासिकेत लेखन देऊ नये. गोष्ट वाचून दाखवावी आणि घंटा झाली तर अर्ध्यावर थांबावे, म्हणजे मुले उरलेली गोष्ट ग्रंथालयातून काढून वाचतात. एकच धडा 'अ', 'ब', 'क' अशा तीन तुकड्यांना शिकवावयाचा असेल तर तिसऱ्या तुकडीच्या वाट्याला शिळा धडा येतो. म्हणून कित्येक जण तिसऱ्या तुकडीत सुरुवातच उलटी करीत : आधी मुलांना विचारावयाचे, मग आपण बोलावयाचे.

आणखी एक गोष्ट, बदली तासाची. कोणी शिक्षक रजेवर असला की 'मराठीच्या सरांना पाठवा' हे ठरलेले. स्नेहसंमेलन, वक्तृत्व स्पर्धा, हस्तलिखित, फलकावरील सुविचार, पाहुण्यांचा परिचय हीही कामे त्यांच्याकडेच. अशा शिक्षकाच्या आखणीला दिवसातून दोनदा तरी सुरुंग लागतो. काही जण बदली तासासाठी एक कथासंग्रह कायम पिशवीत ठेवीत. कित्येक विद्यार्थ्यांना पुढे आयुष्यभर आठवते ती त्या बदली तासाला ऐकलेली गोष्ट, पुस्तकातला धडा नव्हे. हे पाहिले म्हणजे आखणीविषयी फार अभिमान बाळगू नये असेच वाटते.

परीक्षेचा प्रभाव मात्र शेवटपर्यंत राहिला. 'संदर्भासहित स्पष्टीकरण', 'कोण कोणास म्हणाले', 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नांनी कित्येक वर्षे तासिकेचा मधला भाग व्यापला. गाईड व अपेक्षित प्रश्नसंच आले आणि उत्तरे लिहून देण्याचे शिक्षकाचे कामही बाजारात मिळू लागले. त्यामुळे शिक्षकाचा वेळ मोकळा व्हावयास हवा होता. घडले उलटेच; तीच उत्तरे पुन्हा फळ्यावर येऊ लागली. २०१८-१९ मध्ये दहावीला नवा अभ्यासक्रम व कृतिपत्रिका आली. तिने ठरावीक उत्तरांची पाठांतरे थोडी सैल केली, हे मान्य करावयास हवे. त्याच वर्षी भाषा विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद झाले आणि मार्च २०१९ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली आणि पुढील वर्षी ते २० गुण परत आले. या गदारोळात कोणी असे विचारले नाही की, जे गुण मुलाच्या बोलण्या-ऐकण्यासाठी होते, त्यासाठी वर्षभरात वर्गात किती मिनिटे दिली गेली होती. गुण होते तेव्हाही तोंडी परीक्षा बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत आटोपली जात असे. कसोटी परत आली, सराव आला नाही.

२०२० मध्ये राज्याने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत, परंतु त्यांपैकी कोणतीही तासिकेच्या आत शिरत नाही. तेथे अजूनही शिक्षक, पुस्तक आणि ती पंचवीस मिनिटेच असतात.

संस्थेच्या शालेय समितीवर काम करणारी मंडळी आणि पालक शाळेत गेले की बहुधा एकच प्रश्न विचारतात : पोर्शन कोठवर आला? त्याऐवजी जून महिन्यात लागणारे वेळापत्रक एकदा न्याहाळून पाहावे. चित्रकलेला आणि प्रयोगशाळेला लागोपाठच्या दोन तासिका दिलेल्या आढळतात, कारण रंग वाळावयास आणि प्रयोग मांडावयास वेळ लागतो हे सर्वांना पटलेले आहे. मराठीला तशी जोडतासिका क्वचितच मिळते. सत्तर मिनिटे सलग मिळाली तर एक अख्खी कथा वाचून तिच्यावर बोलता येते, साठांपैकी निम्म्या मुलांना तरी मोठ्याने वाचता येते आणि कविता दोनदा म्हणून झाल्यावर स्वाध्यायासही वेळ उरतो. यासाठी जादा शिक्षक लागत नाही की संस्थेला एक रुपया खर्च येत नाही. आठवड्यातील पाच-सहा घरांपैकी दोन घरे एकमेकांशेजारी लिहावी लागतात, इतकेच.